पट्टा पडायच्या आधी

कोल्हार, शुक्रवार संध्याकाळ

पुण्याच्या संस्थेत निवड झाली. सोमवारी हजर व्हायचंय. आई पेढे आणायला गेलीये आणि मला मात्र काही सुचत नाही.

ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या कोप्यांवर पोरांना चित्रकला शिकवायला जाते, फुकट. चित्रं आवडतात म्हणून, हे खरंय. पण नोकरीसाठी अनुभव हवा होता, हे जास्त खरं.

आज पोरांना सांगितलं, उद्यापासून येणार नाही. जामखेडकडची सोनाली खडू गोळा करता करता थांबली. "ताई, पट्टा पडला का?"

गाळप संपून कारखाना बंद झाला की पट्टा पडला म्हणतात. मगच टोळ्या गावी परततात.

"नाही गं, अजून कुठे?"

"मग तुमी कशा काय निघाल्या? तुमीच म्हनल्या हुत्या, पट्टा पडस्तोवर हाय म्हनून."

म्हणाले होते. पहिल्याच दिवशी. त्यांचा शब्द वापरला की पोरं खूश होतील म्हणून. तिनं खडू डब्यात भरून डबा माझ्या हातात दिला.

पट्टा पडला का? मुलाखतीत हाच शब्द मी केवढा रंगवून सांगितला होता. साहेबांनी तो लिहून घेतला.