खिडकीतल्या रेशमी गुंड्या

दि. २९ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न.

बारा तारखेला दुपारी सव्वातीनला माझं आयुष्य बदललं. हसू नकोस. आमच्या शिवणदुकानात लाकडी मण्यांवर रेशीम गुंडाळून कोटाच्या गुंड्या करणारी आहे ना, जी मला ‘कॉलेजवाले’ म्हणते, तिच्या खिडकीच्या चौकटीत मला एक गुंडी सापडली. वाटाण्याएवढी, सायीच्या रंगाची, अंगभर बारीक टोकं काढलेली. असल्या गुंडीची मागणी कुणीच दिलेली नव्हती. मग केली कुणासाठी? ती खिडकी रोज मीच उघडतो. आठ दिवसांनी दुसरी सापडली, काल तिसरी.

आमचे शिंपीमास्तर म्हणाले, कचरा आहे, आणि झाडू घेऊन आले. मी आडवा उभा राहिलो. कचरा म्हणे! त्यांचे डोळे म्हणजे नुसती काजं.

बाबांना सांग, परीक्षेचा अर्ज भरणार नाही. दोन वर्षांत ज्या वर्गात कुणी माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही, तिथे काय म्हणून परत जाऊ?

पहिली गुंडी डबीत घालून पाठवतो आहे. तुझ्या प्रयोगशाळेत भिंगाखाली धर आणि तिच्या हाताची सफाई बघ. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा
भडकू

दि. ६ सप्टेंबर

चि. भडकूस अनेक आशीर्वाद.

तुझी गुंडी परवा माझ्या टेबलावर फुटली. आतून खसखशीएवढी शंभरएक पिल्लं निघाली, आठ-आठ पायांची. बाळा, ती कोळिणीच्या अंड्यांची पिशवी आहे. आमच्या सरांनी पुस्तक काढून खात्री केली. चौकटीच्या कोपऱ्यात विस्कटलेलं जाळं असेल, नीट बघ.

मी हसले, खोटं कशाला बोलू? पण मग हसू थांबलं. ही जात चावते, आणि ती मुलगी दिवसभर त्या चौकटीला खांदा लावून बसते. तिला आजच सांग. बाबांना मात्र मी काही सांगणार नाही, ते तुझं तू बघ. रागावलास तरी चार ओळी लिहीत जा, एवढा हक्क मला राहू दे.

तुझी
ताई

दि. ११ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न.

रागावलो आहेच. शंभरएक म्हणे! मोजत बसली होतीस?

जाळं होतं. महिनाभर नाकासमोर होतं आणि मला दिसलं नाही, कारण मी भलतीकडेच बघत होतो.

काल सगळ्यांसमोर तिला सांगितलं. पिशव्यांचं सांगितलं, आणि त्या मला कुणाच्या हातच्या आणि कुणासाठी केलेल्या वाटल्या तेही सांगून टाकलं. इस्त्रीवाला पोट धरून हसला. तीच इस्त्री त्याच्यावर फेकावी असं वाटलं. ती हसली नाही. उठली, मांडीवरचे धागे झटकले, कोपऱ्यात वाकून पाहिलं आणि माझ्यावरच उखडली.

“महिनाभर असं वाटत होतं तर मला का नाही विचारलंत? मला तोंड आहे.”

मग विचारलं, माझ्याबद्दल काही वाटतं का म्हणून. तिथेच, सगळ्यांच्या देखत.

ती “नाही” म्हणाली. एवढंच. कारण दिलं नाही, मी मागितलं नाही. दुसऱ्या खिडकीपाशी स्टूल नेऊन ती कामाला लागली. एरवी टोमण्याशिवाय ज्यांचं पान हलत नाही ते मास्तरही खाली मान घालून कापडावर खडूच्या रेघा ओढत राहिले, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

बाबांना मीच लिहितो. काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही. तुझा लोभ होता तसाच राहू दे, फक्त हे पत्र सरांना वाचून दाखवू नकोस.

काल निघताना मास्तरांना उद्यापासून येत नाही म्हणून सांगितलं आणि चपला घातल्या. दार असं आपटणार होतो की भिंत हलली असती. पण ती सुईत दोरा ओवत होती. बाहेर पडलो आणि दार हळूच लावून घेतलं.