विमानातली दाढ

हुडकेश्वर, नागपूर
१२ जानेवारी २०२५

प्रिय रोशनी,
सप्रेम जय भीम.

आम्ही दोघंही मजेत आहोत, असं लिहाले बसली होती. पण पहिलंच वाक्य खोटं काहून लिहू?

फोनवर बोलता येत नाही. तुह्या बाबाले प्रत्येक फोन स्पीकरवर पाहिजे. म्हणून बाजूचा विक्की तिकडे येऊन राहिला, त्याच्याजवळ ही चिठ्ठी अन् संत्री दिली.

तुह्या अंकुरच्या पहिल्या वाढदिवसाले तिकडे याले बाबा नाही म्हणाले, तू फोन आपटला. पण ते रुसले नाहीत वं. मागच्या वेळी तुह्याकडे येताना विमान खाली उतराले लागलं अन् त्यांनी गालच धरला. दाढेत सुई खुपसल्यासारखं दुखे, डोळ्यांतून पाणी! विमानतळावर पाय ठेवला अन् दुखणं गायब. तेव्हापासून एकच पालुपद, "दाढ चांगली हाय, विमानच खराब होतं." परतीले ट्रेनमध्ये दाढ गप्प राहिली, मग काय, साहेब जिंकले!

मी हट्टानं दाताच्या डॉक्टरीणबाईकडे नेलं. ती म्हणाली, किडलेल्या दाढेत हवा अडकते, विमानात दाब बदलला की ठणकते. भरून देते, तोंड उघडा.

तोंड उघडलंच नाही. तीन बोटं मावाले पाहिजेत म्हणे. एकच मावलं.

तो सुपारी-तंबाखूचा खर्रा, दुसरं काय! गालात आतून पांढरा चट्टा हाय. तुकडा काढून तपासावा लागंल म्हणाली. हे उठले, बाहेरच्या पानठेल्यावर गेले अन् खर्रा घोटून घेतला. माह्यासमोर! मी रागानं एकटीच ऑटोत बसून घरी आली. रस्ताभर रडली.

आख्खी फोड गालात कोंबून तुले हसवत होते, आठवते? आता संत्र्याची फोड अर्धी करून खातात. मले वाटे, नखरे वाढले.

तपासणीले तयार नाहीत. "रोशनीले सांगशील तर पाहा," म्हणतात. माह्यं कोण ऐकते? ते फक्त तुले भेतात. तूच ये अन् हात धरून ने.

ट्रेननं जाऊ म्हटलं तरी नाहीच. काल आरशासमोर तोंड उघडून पाहत होते. मी दिसली तर हळूच म्हणाले, "प्रेमिला, सगळ्यांसमोर अंकुरनं केक भरवला तर वं?"

वाढदिवस इथंच करू, पोरी. केक मी कुस्करून ठेवीन. तू भांडाले ये, पण लवकर ये.

तुही वाट पाहणारी,
आई