आंबुकी हा शब्द कुणाचा

३ मार्च
वखारीत आज कामाचा पहिला दिवस. क्रेन दगडाची शिळा उचलत होती, खालचा माणूस ओरडला — "आंबुकी!" क्रेन जागच्या जागी थांबली.

हा शब्द कुठल्याच भाषेत नाही. तो माझा आहे! लहानपणी दादा मला हातगाडीत बसवून पळवायचा. मी घाबरून "थांब की" म्हणायला जायचो, तोंडातून निघायचं आंबुकी. दादा तिथेच थांबायचा. घराबाहेर हा शब्द कुणाला ठाऊक नाही.

दादा याच मुलुखात आला होता. एजंटाने दिलेल्या, भलत्याच नावाच्या कागदांवर. चार वर्षं फोन नाही. नावाने शोधायचा तर कुठल्या नावाने?

४ मार्च
मजूर देशोदेशीचे, इथली बोली म्हणजे ठिगळांची गोधडी. "वर" एकाचं, "हळू" दुसऱ्याचं, शिव्या सगळ्यांच्या. दगड कापणाऱ्याला विचारलं, आंबुकी कुणाचा शब्द? म्हणाला, "तुमचाच ना?" पॉलिशवाला म्हणतो कापणाऱ्यांचा. जो तो दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. मुकादम खेकसला, "शब्द काय चावतो का तुला? काम कर."

५ मार्च
आईचा फोन. "दादाचं काही कळलं का रे?"
नाही म्हणालो. शब्द सापडला म्हणजे माणूस सापडला, असं थोडंच आहे.

६ मार्च
झोप नाही. जेवण नाही.

८ मार्च
शेवटी लंबूला गाठला. क्रेन चालवणारा, इथला सगळ्यात जुना. पाव खात होता. प्रश्न ऐकून पाव खाली ठेवला.

"तो शब्द नाही. नाव आहे."

मग मोडक्यातोडक्या बोलीत सांगत राहिला. नवा माणूस खाली उभा राहिला की लंबू वरून नाव विचारतो, पुढे त्याच नावाने हाका मारतो. "तुझ्यासारखाच एक आला होता. कागदावरच्या नावाने हाक मारली तर वळायचासुद्धा नाही. मी वरून ओरडलो, तुझं खरं नाव काय? तो म्हणाला, आंबुकी. दोनदा म्हणाला. मी म्हटलं, ठीक आहे आंबुकी. आणि शिळा खाली सोडली."

शिळेची साखळी निसटत होती. दादाला दिसलं होतं. लंबूला वरून दिसलं नव्हतं.

"तेव्हापासून ते नाव ऐकलं की माझा हात दांड्यावरून उठतो, क्रेन थांबते. पोरांनी ते बघितलं. तोच इशारा झाला."

"मेला?"

"दवाखान्याच्या गाडीतून नेला. गाडीवाल्यांना मी नाव सांगितलं — आंबुकी. पुढे विचारायची छाती झाली नाही."

सांगू नये असं वाटत होतं. तरी सांगितलं, आंबुकी म्हणजे काय ते. घाबरल्यावर माणूस घरचंच बोलतो.

लंबू उठला. शिडी चढून वर गेला, पण क्रेन चालू केली नाही. मुकादम खालून बोंबलत राहिला.

९ मार्च
सकाळी लंबू माझ्या खोलीच्या दाराशी उभा. दाढी केलेली, धुतलेला शर्ट. "चल. दवाखाने पालथे घालू. मी नाव सांगतो, तू तोंड ओळख."
दोन ठिकाणी नाही.

१० मार्च
जिवंत आहे. पलंगाच्या पाटीवर इथल्या लिपीत आंबुकी — लंबूने वाचून दाखवलं. नर्स म्हणाली, आल्यापासून एक शब्द बोललेला नाही. मी दादा दादा करत राहिलो. तो भिंतीकडे बघत होता. भेटायची वेळ संपली. उठलो, दारापर्यंत गेलो.

मागून आवाज आला — "आंबुकी."

थांबलो.