दोन गोळ्यांचा हात

सँड क्रीक, मोंटाना
सोमवार, ६ ऑक्टोबर २००८

प्रिय नोला,

आशीर्वाद. तू बरी असशील असं धरून चालते, कारण विचारायला फोन केला तर तू उचलत नाहीस. चार वेळा केला. पाचव्यांदा करणार नाही. पत्र लेथाच्या हाती देते आहे. टपालाची गाडी घेऊन ती तुझ्या फाटकावरून जातेच, आणि तिला मी आठवीत शिकवलंय, त्यामुळे सांगितलेलं काम ती विसरत नाही.

इकडे ठीक आहे. पहाटे दव गोठायला लागलंय. टोमॅटो हिरवेच उतरवले आणि खिडकीत मांडून ठेवलेत. तुझ्या व्हर्जिल भावोजींच्या थडग्यावरचा दगड कलला होता तो सरळ करून घेतला. दोन वर्षांत माती बसतेच, म्हणाला तो माणूस. काल ग्लॅडिसकडे जेवायला गेले. हरणाचं मांस कोरडं झालं होतं. मी तसं सांगितलं, ती फुगली, मग नंतरचं गोड वाढताना मला मुद्दाम कडेचा जळका तुकडा दिला.

शनिवारच्या वर्गाबद्दल. तू अर्ध्यातून उठून गाडीत जाऊन बसलीस हे मला आवडलं नाही. अठरा वर्षं मी बायकांना नेमबाजी शिकवते आहे, एकही बाई अशी गेली नव्हती.

ते रिव्हॉल्व्हर मी मुद्दाम तुझ्यासाठी निवडलं. पाच काडतुसांचं, मॅग्नम म्हणजे जोरदार, आणि वजन दोन सफरचंदांइतकं. कोटाच्या खिशात टाकलं तर कोट एका बाजूला लोंबत नाही. मर्ल सुटून समोर येऊन उभा राहिला तरी त्याला कळणार नाही की तुझ्याजवळ काही आहे. हलकं आहे म्हणूनच ते लाथ मारतं. व्हर्जिलचं जुनं पोलादी रिव्हॉल्व्हर तोच धक्का स्वतः गिळायचं, हे सगळा तुझ्या तळहातावर टाकतं. ग्लॅडिस म्हणाली, ‘पुढे गोळी गेली का ते देव जाणे, मागे खेचरानं लाथ घातली एवढं नक्की.’ सगळ्या हसल्या. तूही हसलीस.

मग तीन गोळ्या झाल्या आणि काडतुसांचं चक्र अडकलं. चाप मागे येईना. तेव्हा मी म्हणाले ते म्हणाले: ‘हात नाही तुझ्यात, नोला. चाप अर्धाच ओढतेस.’ आठ जणींसमोर म्हणायला नको होतं. एवढं मान्य.

जाता जाता एक गोष्ट. मी तुला दिलेला पन्नास काडतुसांचा डबा, माझ्या अक्षरातली चिठ्ठी असलेला, तो वापरू नकोस. काडतुसं जुनी आहेत. लेथाबरोबर दुकानातली नवी पाठवते आहे, कमी जोराची, त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये बसतात. ती घे आणि जुनी तिच्याकडे दे. कारण लांबलचक आहे, भेटीत सांगेन.

मर्ल मंगळवारी, चौदा तारखेला सुटतोय. तुला तुरुंगाच्या कचेरीतून कळवलं असेलच. तुझा हात मोडणाऱ्या नवऱ्याला तीनच वर्षं. असो.

दोन वेळा जेव. उभ्याउभ्या खाल्लेल्याला जेवण म्हणत नाहीत.

आर्डिस


सँड क्रीक
शुक्रवार, १० ऑक्टोबर

नोला,

काल दुपारी लेथा नवा डबा जसाच्या तसा परत घेऊन आली. म्हणाली, ‘बाई, त्यांनी घेतलाच नाही. म्हणाल्या, तिला सांग, भावोजींची काडतुसं मला पुरतात. रोज सकाळी दोन भरते, दोन मारते, पत्र्याची थाळी दोन्ही वेळा वाजते. हात आहे म्हणावं आता माझ्यात.’

लेथाला वाटलं मला आनंद होईल. मी दार लावलं आणि तळघराच्या पायरीवर बसले.

दोन भरतेस. नवख्यांना तसंच शिकवते मी, घरच्या सरावाला दोनच. पण मंगळवारी तू खिशात पाच भरून ठेवशील.

मध्ये उठले. शेगडी बघितली, ती बंदच होती. टोमॅटो उलटे केले. आता बसले आहे आणि लिहिल्याशिवाय उठणार नाही.

ती काडतुसं जुनी नाहीत. व्हर्जिलनं भरलेलीही नाहीत. ऑगस्टमध्ये मी भरली, रिकाम्या काडतुसांत दारू आणि गोळी बसवायच्या त्याच्या यंत्रावर. शनिवारी तू गाडीत जाऊन बसलीस तेव्हा मी रिव्हॉल्व्हर मागच्या टेबलावर नेलं आणि लाकडी काडीनं दाबून चक्र मोकळं केलं. चौथ्या काडतुसातली गोळी आपल्या जागेवरून पुढे सरकून चक्राबाहेर आली होती आणि रिव्हॉल्व्हरच्या चौकटीला अडून बसली होती. तू चाप पूर्ण ओढला होतास. जगातल्या कुठल्याही हाताला तो त्यापुढे ओढता आला नसता.

तीस वर्षं मी शाळेच्या वर्गात टेबलावरचा कपडा झटक्यात ओढून दाखवला. कपडा हातात येतो, बशी जागच्या जागी राहते. इथे तेच होतं. धक्क्यानं रिव्हॉल्व्हर मागे उडतं, आतलं काडतूस त्याच्याबरोबर मागे जातं, आणि काडतुसातली गोळी मात्र होती तिथेच राहते. एका धक्क्यात केसभर, तीन धक्क्यांत पुरेशी. म्हणून काडतुसाचं तोंड गोळीभोवती घट्ट आवळावं लागतं, आणि रिव्हॉल्व्हर जितकं हलकं तितकं जास्त घट्ट. व्हर्जिलनं यंत्र त्याच्या जड रिव्हॉल्व्हरसाठी लावलेलं होतं. ते फिरवायला हवं हे मला माहीत असायला हवं होतं. त्या खिट्टीवर त्याच्या पेन्सिलीची खूण होती. मला ती हलवावीशी वाटली नाही.

हे सगळं मला शनिवारी सकाळी अकरा वाजताच कळलं. तू चाळीस पावलांवर होतीस. मी उरलेली दोन काडतुसं माझ्या खिशात टाकली, गाडीच्या खिडकीतून तुला रिव्हॉल्व्हर आणि डबा दिला, आणि ‘सराव कर’ म्हणाले. बायका बघत होत्या. एखादंच बिघडलं असेल अशी मी स्वतःची समजूत घातली. तू काच वर केलीस आणि काचेआडून म्हणालीस, ‘माझ्या फाटकात पाऊल टाकू नकोस.’

रविवारी ग्लॅडिसकडे जायच्या आधी माझं तसलंच हलकं रिव्हॉल्व्हर घेऊन ओढ्यावर गेले. त्याच घाण्यातली काडतुसं. तिसरीनंतर अडकलं. मोकळं करून पुन्हा भरलं. तिसरीनंतर अडकलं. म्हणजे सोमवारी ‘जुनी आहेत’ असं लिहिलं तेव्हा मला ठाऊक होतं.

तू विचारशील, ऑगस्टमध्ये भरली तेव्हा तपासली नाहीस? तपासली. दोन मारून.

नोला, रविवारपर्यंत मी त्या हलक्या रिव्हॉल्व्हरनं कधी दोनपेक्षा जास्त मारलेल्या नव्हत्या. वर्गासमोर दोन मारते, खाली ठेवते, ‘बघितलंत?’ म्हणते आणि पुढच्या बाईकडे वळते. सगळ्यांना वाटतं वेळ वाचवते. तिसरी मला झेपत नाही. अंगठ्याचा सांधा चार वर्षांपूर्वीच गेला. ओढ्यावर सहा मारल्यावर मला गाडीचं दार उघडेना, कोपरानं उघडलं. व्हर्जिलला ठाऊक होतं, तो न मागता बरण्या उघडून द्यायचा. ज्या हातात तीन गोळ्यांचं बळ नव्हतं तो माझा होता, आणि तीन मारलेल्या बाईला मी हात नाही म्हणाले.

अकरा वर्षांपूर्वी फेब्रुवारीत सुजलेला जबडा घेऊन तू आमच्या दारात आलीस, तेव्हाही मी तुझ्यातच खोट काढली. व्हर्जिल ‘राहू दे तिला’ म्हणत होता. मी स्वतः गाडी चालवून तुला मर्लकडे सोडून आले. वाटेत संसार कसा टिकवावा ते सांगितलं. हे लिहायला बसले नव्हते. पण खोडणार नाही.

मी स्वतः का आले नाही, तर तुझ्यासमोर आले की माझं तोंड सुरू होतं. कागदावर निदान थांबता येतं.

आता काय करायचं ते नीट वाच.

तू हे वाचते आहेस तेव्हा लेथा तुझ्या फाटकाशी गाडी बंद करून उभी आहे. तिला मी सांगितलंय, रिकाम्या हातानं परतायचं नाही, टपालाला उशीर झाला तर मला सांग, मी पोस्टमास्तरशी बोलते. रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवून पुरतं रिकामं कर. डब्यातली, कोटाच्या खिशातली, पलंगाजवळच्या कपाटातली, तू जिथे जिथे ठेवली असशील ती सगळी काडतुसं तिच्या पिशवीत टाक. तिच्याकडचा डबा घे. त्यातली मी काल संध्याकाळी हाताला पट्टी बांधून मारली. पाच भरली, पाच सुटली, असं चार वेळा. लाथ निम्म्याहून कमी आहे. आज तूही पाच भर आणि पाच मार. सलग. मध्ये थांबू नकोस.

उद्या वर्ग आहे. आठही जणींना मी ते सरकलेल्या गोळीचं काडतूस दाखवणार आहे आणि कोणी भरलं होतं तेही सांगणार आहे. माझ्यावर विश्वास नसेल तर ग्लॅडिसला फोन करून विचार. ती मीठमसाला लावून सांगेल, तरी मूळ गोष्ट खरी असेल.

मंगळवारी उजाडल्यापासून मी तुझ्या फाटकाबाहेर गाडीत बसलेली असेन. आत बोलावलंच पाहिजे असं नाही. रस्ता सरकारी आहे.

माफीचं नंतर बघू. आधी पिशवी लेथाच्या हातात दे. तिची गाडी वळणावर दिसेपर्यंत मी इथे दारात उभी आहे.

तुझी काडतुसं भरणारी,
आर्डिस