हलवू नका म्हटलं ना!

सोमवार, १२ जानेवारी
शाळेत पोचले पावणेबाराला. मुख्याध्यापक सरांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्या कुर्त्यावरच्या रक्ताकडे. क्रम लक्षात ठेवला आहे.

नाचणगावच्या अलीकडे वळणावर मोटारसायकल आडवी पडलेली. रस्ताभर गोबीचे गड्डे, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. पिकअपनं मागून उडवलं आणि पळाला. माणूस बाभळीला टेकवून बसवलेला. पंधरा-वीस जणांचं कोंडाळं. एक पाण्याची बाटली तोंडाला लावतोय, एक हेल्मेट उपसतोय, तिघं मोबाइल धरून उभे. १०८ ला फोन केला का विचारलं, तर म्हणे, "केला असन कोणीतरी." कोणीच केला नव्हता.

मीही शहाणीच. स्कूटर लावली आणि न बघता धावत रस्ता ओलांडला. ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला, शिवी दिली. बरोबर दिली. एकाचे दोन झाले असते.

मग ओरडायला लागले. हेल्मेटला हात लावू नका, तो श्वास घेतोय, बोलतोय. पाणी नको. आता बसलाय तसाच राहू द्या, मान हलवू नका. मोबाइलवाल्या दोघांना वळणाच्या दोन्ही बाजूंना लांब पाठवलं, गाड्या हळू करायला. फोन मी लावला. तिकडून विचारतात नेमकं कुठे, आणि इथे वीस गाववाल्यांची वीस उत्तरं. शेवटी गवताचा भारा घेऊन चाललेली एक बाई किलोमीटरचा दगड वाचून आली. सगळ्यांत कामाचं माणूस तीच.

मांडीतून रक्त वाहत होतं. ओढणीची घडी करून त्यावर दाबून धरली, आणि एकाला दोन्ही हातांनी डोकं आहे तसं धरून ठेवायला लावलं. तो माणूस म्हणाला, "बाई, माहे पाय कुठं हायत?" पाय समोरच होते.

"कोणी बसवलं यांना?" मी विचारलं. वळणावर चहाचं दुकान आहे त्या गजाननानं हात वर केला. "मी ओढलं जी रस्त्यावरून. मंग बसवलं, पाणी पाजलं."
म्हटलं, "अक्कल आहे का? मान मोडली असली तर?"
सगळ्यांदेखत. तो मागे सरकला.

गाडी यायला अर्धा तास लागला असं वाटलं. फोनवर पाहिलं तर बावीस मिनिटं. वर्ध्याला नेलं.

मंगळवार, १३ जानेवारी
विलास काल रात्रीपासून तेच ते. "तुले काय पडलं होतं मधात? आता घाल खेटे ठाण्यात." नवरा कोर्टात लिपिक, आणि कायदा माहीत नाही! मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता द्यायची सक्ती नसते. साक्ष आपण होऊन द्यायची असेल तरच, आणि तीही आपल्या सोयीनं. त्याला हे मी सांगायचं.

दुपारी ठाण्यातून फोन आलाच. "मॅडम, एक सही फक्त." म्हटलं देते, पण शाळेच्या वेळात येणार नाही, सिंदी मेघेला घरी या.  मग "बरं जी" म्हणाले. आवाज चांगला होता, उगाच तडकले.

जखमीचं नाव देवराव कळलं. भाजी पिकवतो, सकाळी पुलगावला बाजारात न्यायचा.

बुधवार, १४ जानेवारी
संक्रांत. हळदीकुंकवाला शेजारणी व्हिडिओ दाखवून राह्यल्या. माझाच. मी गजाननावर ओरडतेय, तोंड हे एवढं उघडं. खाली लोकांनी लिहिलंय, मॅडमनं धुतला, शाबास मॅडम. देवराव कसा आहे हे एकानंही विचारलेलं नाही. ज्यानं काढला त्याला मी वळणावर गाड्या थांबवायला पाठवलं होतं, म्हणजे तिथूनही चालूच होतं.

मु.अ. सरांचा निरोप: रस्ता सुरक्षा अभियान आहे, चित्रकला स्पर्धा घ्या, फोटो पाठवायचे आहेत वर. विषय, 'हेल्मेट माझा मित्र'. डोकं दुखतंय.

शुक्रवार, १६ जानेवारी
परतताना गजाननानं हात दाखवून थांबवलं. वाटलं, व्हिडिओवरून भांडतो आता. भांडला नाही. दुकान अर्धं बंद करून उभा होता.
"मॅडम, खरं सांगजा. त्याचे पाय माह्यामुळं गेले का?"
मी म्हटलं, मी डॉक्टर नाही.
"पर तुमीच तं म्हटलं न सगळ्यासमोर."
मग सांगितलं त्यानं. देवराव ऐन मधोमध पडला होता, आणि वळणावरून रेतीचा ट्रक येत होता. "मी एकलाच होतो जी. खांद्याले धरलं अन् खसकन ओढलं. ट्रक असा गेला बाजूनं." हातानं अंतर दाखवलं. वीतभर.

हे मला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं मी. बसवणं चूक, पाणी चूक, ते मी आजही म्हणेन. पण ओढणं... पाचव्या मिनिटाला पोचून पहिल्या मिनिटातल्या माणसाला अक्कल विचारली मी.

घरी आल्यावर भाजी करपवली.

शनिवार, १७ जानेवारी
देवरावला बघायला वर्ध्याच्या दवाखान्यात गेले. मानेला पट्टा. हात हलतात, पाय नाहीत. बायको मंदाताई, माझ्याएवढीच. "जयभीम मॅडम" म्हणाली आणि हात सोडेना. माझाच हात का धरते, मला समजेना.

डॉक्टरांना बाहेर गाठून सरळ विचारलं: धडकेनं की ओढण्यानं? ते म्हणाले, सांगता येत नाही. बहुधा आपटतानाच झालं असावं, पण खात्रीनं कोणीच सांगू शकणार नाही. पायांचं? "सूज उतरू द्या, थांबावं लागेल." वैताग. एक प्रश्न असा नाही की ज्याचं हो किंवा नाही असं उत्तर येईल.

निघताना मंदाताई नवऱ्याच्या खाटेकडे हात करून म्हणाल्या, "ज्यानं पयले उचललं त्याले आणजा न एकडाव. यायले भेटाचं हाय त्याले."

सोमवार, १९ जानेवारी
चित्रकला स्पर्धा झाली. फोटो पाठवले. पन्नास हेल्मेटं.

संध्याकाळी गजाननाच्या दुकानासमोर थांबले. त्या दिवशीचे सात-आठ जण चहाला होतेच. म्हटलं, ऐका दहा मिनिटं. आधी स्वतःला सांभाळा, रस्ता दोन्हीकडे बघून मग धावा. गाड्या थांबवायला माणसं लांब उभी करा. १०८, आणि फोन कोण करणार ते नाव घेऊन ठरवा. हलवू नका, पाजू नका, हेल्मेट काढू नका. रक्त येतंय तिथे दाबून धरा.
एक म्हातारे आजोबा बिडी विझवून म्हणाले, "अन् ट्रक येऊन राह्यला असन तं?"
सगळ्यांनी गजाननाकडे बघितलं. मी खाली.

 तिथूनच मैत्रिणीला फोन लावला, ती नर्स आहे. ती म्हणाली, आग किंवा गाडी अंगावर येत असेल तर ओढायचंच, पर्याय नाही. पण खांद्याजवळचे कपडे घट्ट धरायचे, डोकं आपल्या दोन हातांच्या मध्ये घ्यायचं, अंगाच्या रेषेत सरळ मागे, वाकडं नाही, झटका नाही. बाहेर काढलं की आडवंच ठेवायचं. स्पीकरवर होती. दोन जण मातीत आडवे होऊन ओढून घ्यायला तयार झाले, आणि तिसऱ्यानं लगेच मोबाइल काढला. काय बोलावं.

गजाननानं प्रयोग केला नाही. भांडी विसळत राहिला. त्याला मंदाताईंचा निरोप दिला. "मी नाई येत जी. मले शिव्या देईन थे बाई." म्हटलं, शिव्या मी दिल्या, तिनं नाही. तरी नाही म्हणाला.

रविवार, २५ जानेवारी
आला. वर्धा स्टँडवर उतरला तेव्हा इस्त्रीचा शर्ट, हातात दोन डाळिंबं. विलासही आला सोबत, का ते विचारलं नाही.

खाटेजवळ मी आधीच बोलायला लागले, हे गजाननभाऊ, यांनीच तुम्हाला ट्रकखालून... गजाननानं मला थांबवलं. "मॅडम, मले सांगू द्या."
सगळं सांगितलं. ट्रक, खसकन ओढणं, बसवणं, पाणी. "बसवाचं नव्हतं म्हंते मॅडम. मले माहीत नव्हतं जी. तुमच्या पायाचं काय झालं असन माह्यामुळं, तं..."

देवराव छताकडे बघत होता. तसंच बघत म्हणाला, "ट्रक होता काय?" त्याला आठवतच नाही ट्रक.

मंदाताई माझ्याकडे वळल्या. "खरं काय हाय मॅडम?"
म्हटलं, "मला माहीत नाही. डॉक्टरलेही नाही माहीत." शाळेत रोज चाळीस मुलांना उत्तरं देते मी, आणि इथे एवढंच.

मंदाताईंनी डाळिंबं उचलली, टेबलावर ठेवली. परत उचलून खिडकीत ठेवली. रागावल्या का? कळलं नाही. नंतर नर्स आली, आम्हाला बाहेर जायला सांगितलं.

स्टँडवर पुलगावची गाडी लागली होती. गजानन चढेना. "मंगळवारी दुकान बंद ठेवतो म्हंतो. पुन्हा येऊ का मी त्याइच्याकडं?"
मला विचारतो! जसं काही माझ्याच परवानगीनं चाललंय सगळं. विलास म्हणाला, "ये ना, मी स्टँडवर घ्याले येतो." कंडक्टरनं घंटी दिली, तेव्हा कुठे तो चढला.