सफारीची सीडी

५ मार्च २००७, मँचेस्टर

काल दुपारी पोचलो. बाहेर चार डिग्री, आणि शेजारची गोरी बाई म्हणते काय छान हवा पडलीय. निखिल आणि सूनबाई मृण्मयी सकाळीच ऑफिसला गेले. बॅगा अजून जिन्याखाली. घरात मी एकटी, तेव्हा दुबईचं आजच लिहून टाकते, नाहीतर अर्धं डोक्यातून जाईल.

मुलगा-सून पुण्याला आले होते, माझ्या लेकीच्या, अशूच्या दिराच्या लग्नाला. परत जाताना मलाही घेऊन निघाले. वाटेत दुबईत दोन दिवस. शनिवारी दुपारी नि. म्हणाला, आई, चप्पल नको, बूट घाल. कुठे ते सांगेना, नुसता हसत होता. मला न विचारता वाळवंटाची सफारी काढली होती पठ्ठ्याने.

मोठी पांढरी गाडी, पेशावरचा ड्रायव्हर. डांबरी रस्ता संपतो तिथे थांबून चाकांतली हवा कमी केली, नाहीतर म्हणे वाळूत रुततात. तोवर ससाणा हातावर घेऊन फोटो. माझ्याही हातावर बसवला. जड असतो मेला. एक कॅमेरावाला सगळ्यांच्या भोवती फिरत होता.

मृ.चं तिथेच बिनसलं. तिला टेकड्यांवरून नको, ती साध्या वाटेच्या गाडीने परस्पर कॅम्पवर जाणार. लहान मुलं, पाठदुखीवाले, अशांसाठी तशी एक गाडी असते. मी म्हटलं, मी बासष्टची बसतेय आणि तू घाबरतेस? चल, माझ्या शेजारी बस, माझा हात धर. बसली.

गाडी उभीच्या उभी चढते, माथ्यावर क्षणभर नुसतं आकाश, मग आडवी घसरत खाली. मी ओरडले, हसले, गणपतीला हाक मारली, सगळं एकदम. मृ.ने हात इतका दाबून धरला की बांगडी रुतली, अजून वळ आहे. सूर्य टेकला तेव्हा वाळू गेरूसारखी तांबडी झाली होती.

कॅम्पवर गालिचे, लोड. उंटावर बसले. तो उठताना आधी मागचे पाय उचलतो, आपण तोंडावर पडायच्या बेतात. नि. चार चाकांच्या मोटारसायकलवर, शाळेतल्यासारखा. मेंदी काढली. मग घेरदार झग्यातला एक माणूस गिरक्या घेतो आणि झग्यातच दिवे लागतात. नंतर पोट हलवून नाचणारी बाई. तिने मला ओढून नेलं मध्ये. गेले, नाचले. हे असते तर वर्तमानपत्राआड तोंड लपवलं असतं. मृ. लोडाला टेकून बसून राहिली. दोन खजूर खाल्ले फक्त.

निघताना शूटिंगची सीडी विकायला आले. मीच घेतली. इथे राहणाऱ्या शुभाताईंना दाखवायचीय.

हे गेल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून इतकी हसले नव्हते.

७ मार्च

पहाटे जिन्यावर धावपळ. मृ.च्या पोटात दुखतंय, हॉस्पिटलला नेतो, नि. म्हणाला. संध्याकाळी परत आले. "इन्फेक्शन आहे, आई. कॅम्पवरचं काहीतरी बाधलं." मी म्हटलंच, उघड्यावरचं खाणं. पण दोन खजुरांनी काय बाधलं, कोण जाणे. मऊ भात, मेतकूट, तूप वर नेऊन दिलं. भिंतीकडे तोंड करून पडली होती. चमचाही उचलला नाही.

११ मार्च

मृ. अजून झोपूनच. नि.ला म्हटलं सीडी लाव, तिचंही मन रमेल. तर प्लेअर बिघडलाय.

जेवताना मी आपलं बोलून गेले की आम्ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पोटदुखीसाठी कधी सुट्टी घेतली नाही, कानाला हेडफोन लावून बसायचो. नि. भरल्या ताटावरून उठला. आमच्या घरात ही पद्धत नाही. मग मीही दिवसभर बोलले नाही.

१८ मार्च

इथला मदर्स डे. दुकानांत आठवडाभर तेच. नि.ने डॅफोडिल्स आणि कार्ड दिलं. मृ. फुलदाणी घेऊन आली, फुलं लावली, कार्ड हातात घेऊन वाचलं आणि वर निघून गेली. दार लागलेलं ऐकू आलं.

सासूचं एवढंसं कौतुक बघवत नाही हिला. इतकी शिकलेली मुलगी.

२७ मार्च

दोघं ऑफिसला. मृ.ही जाते आता. गुरुवारी शुभाताई येणार, म्हणून सीडी आपली आपणच लावून बघू म्हटलं, कुठली बटणं दाबायची ते कळेल. प्लेअर धडधाकट आहे. काही बिघडलेलं नाही.

आधी अरबी गाणं, वाळू, गाड्यांची रांग. मग ती हवा काढायची जागा. समोर मी, हातावर ससाणा, ओढणी वाऱ्यावर. कॅमेरा माझ्यावर, पण कॅमेरावाला उभा असणार नि.च्या जवळ. आवाज नि.चा येतो. ड्रायव्हरशी हलक्या आवाजात बोलतोय, मागे इंजिन, वारा. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. मी तीस वर्षं खरखरीतून माणसं ऐकली आहेत.

"भाईसाब, गाडी ज़रा धीरे चलाना. वाइफ प्रेग्नंट है."

"रेत में धीरे नहीं होता, फँस जाएगी. मॅडम को दूसरी गाड़ी में भेजो."

"वही तो... माँ साथ में है. माँ को अभी बताया नहीं."

आणि मग मी. केवढा मोठा आवाज माझा. "काय कुजबुज चाललीय रे तिकडे? बसा चला, सूर्य काय थांबणारेय?"

मग मृ. दिसते, गाडीच्या दाराशी. नि.कडे बघते. तो खाली बघतो. गाडीतून एक हात बाहेर येतो, बांगड्या घातलेला, तिचं मनगट धरून आत ओढतो.

ते इन्फेक्शन नव्हतं. बाळ गेलं. माझं नातवंड गेलं, आणि मी त्या पोरीला हेडफोनच्या गोष्टी सांगितल्या.

चार वेळा बघितली. पाचव्यांदा नाही बघवली. शुभाताईंना फोन केला, सीडी चालत नाही म्हणून सांगितलं.

२८ मार्च

भाजी करपली. दुसरी चिरली, तिच्यात मीठ दोनदा.

१८ तारखेचं वाचलं. खोडणार नाही. बघू दे मलाच.

नियम माझा आहे. निखिलच्या आधी मला एकदा दिवस राहिले होते. सासूबाईंनी हौसेने आळीभर सांगितलं. अडीच महिन्यांनी गेलं, तेव्हा आळीभर उत्तरं मी देत बसले. दूधवाल्यानेसुद्धा विचारलं, वहिनी, काय झालं हो. तेव्हा ठरवलं की माझ्या घरात तीन महिने होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. अशूने दुसऱ्याच महिन्यात मला सांगितलं तर तिलाच झापलं. आईलासुद्धा सांगायचं नसतं, कळत नाही का तुला, म्हणाले. मृ. तेव्हा नवी नवरी, व्हिसा यायचा होता म्हणून माझ्याजवळ. तिथेच शेंगा निवडत बसलेली.

माझ्या लेकीने माझं ऐकलं नाही. सुनेने ऐकलं.

मला शंकाही आली नाही, असं कसं म्हणू? दोन खजुरांचं लिहिताना मनात येऊन गेलं होतं. पण विचारायचं नसतं.

२९ मार्च

शुभाताई आल्या. इथे सगळी नोकरी नर्स म्हणून झाली त्यांची. ओळखीतल्या एका मुलीचं म्हणून विचारलं, की गाडीत धक्के बसले आणि चार दिवसांनी गेलं.

"धक्क्यांनी नाही हो जात इतक्या लवकर. जे धरणार नसतं ना, ते जातं. अंथरुणात पडून राहिली असती तरी गेलं असतं. सांगा तिला तसं, नाहीतर पोरी उगाच स्वतःला खात बसतात."

सांगते म्हटलं. त्या बोलल्या ते खरं असणार, त्यांना काय पडलंय माझी समजूत घालायची, त्यांना माहीतच नाही कुणाचं ते. तरी मला पटत नाही. जायचंच होतं तर तिला दुसऱ्या गाडीने पाठवल्यावर गेलं असतं. माझा हात धरून बसल्यावरच का?

बांगड्या काढून ठेवल्या.

६ एप्रिल

गुड फ्रायडे, तिघं घरी. तीनदा सांगायला गेले. मृ. इस्त्री करत होती, समोर उभी राहिले, म्हटलं, बटाटे कोणते आणू, लाल की पांढरे? ती म्हणाली, कुठलेही आणा, आई. गोड बोलते हल्ली, फार गोड. पाहुण्यांशी बोलतात तसं.

नि. मागच्या अंगणात गवत कापत होता. मंगळवारीच कापलं होतं. आता तिथे कापायला काही नाही, तरी यंत्र फिरवतोय. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत उभी राहिले. हा मुलगा लहानपणी पेन हरवलं तरी पळत येऊन मला सांगायचा. आता बाप व्हायचा राहिला आणि मला सांगता येत नाही त्याला. मीच शिकवलं.

आठवडाभर रोज रडू येतंय. दुपारी रडून घेते, दोघं यायच्या आत तोंड धुते.

१४ एप्रिल

एकटी बसने रशोमला गेले, आपल्याकडच्या दुकानांची वस्ती आहे तिथे. दुकानदार गुजराती. आळीव म्हटलं तर त्याला कळेना. मग बरण्या बघत बघत मीच दाणे ओळखले. "अच्छा, असेळियो. डिलिव्हरी हुई क्या घर में, माजी?"

हो म्हटलं. काय सांगणार.

१५ एप्रिल

नि. गाडी धुवायला गेला होता. आळीव रात्रीच भिजवले होते, नारळाच्या दुधात, गूळ घालून खीर केली. वाटी मृ.पुढे ठेवली. तिने चमच्याने ढवळलं आणि हात थांबला. अशूच्या बाळंतपणात रोज सकाळी ही वाटी तिनेच नेऊन दिलेली. ही खीर कुणाला देतात, माहितेय तिला.

"आई, हे..."

"खा. गार होईल."

इतके दिवस शब्द जुळवत होते आणि तोंडातून निघालं काय, तर एवढंच.

खाल्ली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चमचा थांबवला नाही, वाटी संपवली. मी शेजारी बसून राहिले. हात धरावासा वाटला. नाही धरला.

मग म्हणाली, "कसं कळलं?" सीडीचं सांगितलं. म्हणाली, "निखिलला कळू देऊ नका, तुम्हाला माहितेय ते."

का गं?

"त्याला वाटतं त्याच्यामुळे झालं. तुमच्याशी एक वाक्य बोलला असता तर मी त्या गाडीत बसले नसते, असं म्हणतो. रोज सॉरी म्हणतो मला. मी त्याला कंटाळलेय, आई. आता तुम्हालाही कळलंय हे समजलं, तर तो तुमच्यासमोर उभा राहायचा नाही."

"मी ओढलं तुला आत. सीडीत दिसतंय."

"मी बसले, आई."

शुभाताईंचं सगळं सांगितलं. हॉस्पिटलमध्येही तेच म्हणाले, म्हणे. दोघींनी एकमेकींना तेच सांगितलं, आणि दोघींना पटलं नाही. वाटी तिने धुतली, पुसली, जागेवर ठेवली. नि. आला तेव्हा आम्ही टीव्ही बघत होतो.

नि.ला सांगायचं नाही, याला मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

१७ एप्रिल

जेवताना नि.ने विचारलं, आई, कसली खीर रोज मृण्मयीलाच, मला नाही? आम्ही दोघींनी एकदम ताटात बघितलं. तो हसला. महिन्याभरात पहिल्यांदा हसलेला बघितला, आणि मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले.

१९ एप्रिल

आज निघायचं. पुन्हा दुबई, यावेळी नुसतं एअरपोर्टवर तीन तास.

मृ. सकाळी ऑफिसला गेली. पाया पडली, मग मिठी मारून उभी राहिली. ट्रेन चुकेल म्हटलं, तरी सोडेना. आळीव डब्यात ठेवलेत, वर चिकटपट्टीवर तिच्यासाठी लिहिलंय, रात्री दोन चमचे भिजवायचे.

मला सोडायला नि. एकटाच येणार. एअरपोर्ट चाळीस मिनिटं. सीडी पर्समध्ये आहे. मोडायला घेतली होती काल, नाही मोडवली. तिच्यात ते बाळ तीन मिनिटं का होईना, आहे आमच्याबरोबर. सफारीतलं चौथं माणूस.

मृ. म्हणते, सांगू नका. आणि रोज सॉरी ऐकून ती थकलीय, हेही तीच म्हणते. न सांगण्याचा नियम मी घातला, त्याने काय झालं ते बघतेच आहे. पण सांगितल्यावर हा मुलगा पुन्हा माझ्याकडे मान वर करून बघणार नसेल, तर? मुलगा मला तो एकच आहे. मला भीती वाटते. टेकडीच्या माथ्यावर गाडी थांबली होती तेव्हा वाटली नव्हती इतकी.

बॅगा गाडीत ठेवून झाल्या. नि. दारातून विचारतोय, "आई, मागे बसतेस ना? पाय लांब करता येतील."

नको, पुढे बसते म्हटलं. तुझ्या शेजारी.