पेंडिंग आहे, पप्पा

पप्पा, आज दुपारी तुमचा अर्ज मला कामात सापडला. मी शोधायला गेले नव्हते. बदलापूरच्या घरात बेडरूमच्या टेबलावर लॅपटॉप, बाहेर आई लसूण सोलतेय आणि मी नेहमीसारखी परक्यांच्या पेटंटांचं खानदान जुळवतेय. हेच माझं काम. कंपनीने पहिला अर्ज केला की त्यातून फुटून पुढचे अर्ज निघतात. पहिल्याला पेरेंट म्हणतात, पुढच्यांना चाइल्ड. सॉफ्टवेअरमध्ये एक नंबर टाकला की अख्खी वंशावळ उघडते, कोण जिवंत, कोण मेलेलं ते रंगावरून कळतं. पण ते एखादं पोर हमखास विसरतं. मग दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बघायचं, पेटंट ऑफिसच्या साईटवर ताडायचं. तुम्ही नट आवळून झाल्यावरही पुन्हा बोटांनी चाचपायचात, तसंच.

आजचं खानदान कपडे धुण्याची मोठी मशीन बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीचं. त्यातल्या तिसऱ्या चाइल्डवर तपासनीसाने हरकत घेतली होती: हे कुणीतरी आधीच मांडलेलं आहे. खाली पुरावा म्हणून एक नंबर. तो मला पाठ आहे. उघडला तर तुमची चाळण, स्वतःच स्वतःला झटकणारी, तुमच्या हातचं चित्र, बाणांची टोकं नको तेवढी जाड. चाइल्डला पेरेंटची जुनी तारीख मिळते, तरी तुमची तारीख तिच्याही आधीची निघाली. एवढ्या मोठ्या कंपनीला माझ्या बापाने अडवलं! मी ताडकन उठले, आईला सांगायला दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. हे सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागेल.

तुम्ही उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, जीन्स धुण्याच्या कारखान्यात फिटर. पाण्याबरोबर सुताचा लगदा यायचा, पाइप तुंबायचा आणि कोपरापर्यंत निळे हात घेऊन तुम्ही घरी यायचात. ती चाळण तुम्ही अंबरनाथ पश्चिमेच्या आपल्या खोलीत बनवलीत, आईच्या पिठाच्या चाळणीचा बळी देऊन. आई आठवडाभर धुसफुसत होती. मग तुम्ही कुणाकडून तरी अर्ज भरून घेतलात, आणि दर रविवारी दाढी करताना मला फर्मान सुटायला लागलं, "बघ गं, काय म्हणतंय ऑफिस." मी फोनवर बघून सांगायची, "पेंडिंग आहे, पप्पा." त्यावर तुमचं ठरलेलं, "म्हणजे नाही म्हटलेलं नाही."

एका रविवारी तिथे वेगळंच लिहिलेलं असतं. अर्ज मागे घेतल्याचे समजण्यात आले आहे. अर्ज तपासायला घ्या अशी वेगळी मागणी मुदतीत करावी लागते, हे ना तुम्हाला ठाऊक, ना मला. आणि मुदत तर टळून गेलीय. गालाला साबण लावून तुम्ही आरशातून माझ्याकडे बघताय. मी म्हणते, "पेंडिंग आहे." पुढच्या रविवारी सांगू, असं मी मनाशी ठरवते.

त्याआधीच कारखान्याचा सेठ घरी आला. चहा पिता पिता म्हणाला, "मिस्त्री, पेटंट का चक्कर छोडो. ये जाळी मेरी सब मशीन पे लगाओ, सुपरवायझर बन जाओ. हात काले-नीले करना बंद." तुम्ही माझ्याकडे वळलात. "काय गं, थांबायचं ना?" कॉलेजात जाणारी, इंग्रजी वाचणारी तुमची पोरगी. मी मान डोलावली. तुम्ही सेठला म्हणालात, "कागद येऊ दे, मग बोलू." सेठने पुन्हा विचारलं नाही. मग मी सांगणार तरी कशी? दर रविवारी तेच उत्तर, तुम्ही गेलात तोपर्यंत, दोन वर्षं. तुम्ही कॅलेंडरच्या पाठीमागे सुधारलेली दुसरी चाळण काढलीत आणि म्हणालात, पहिला पास झाला की ह्याला मागोमाग लावू. तुमचे हात शेवटपर्यंत निळेच राहिले. पप्पा, ते माझ्यामुळे.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मॅडमनी शिकवलं, "पेरेंट जिवंत असेपर्यंतच चाइल्ड फाईल करता येतं." सगळे लिहून घेत होते. मला ते कॅलेंडर आठवलं आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. तरी नोकरी सोडली नाही. दुसरं काही येतही नाही मला.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. "झाली का फॅमिली पूर्ण? पुराव्यातले नंबर पण घे, डेड असले तरी. एकदा छापलेला अर्ज पुरावा म्हणून चालतोच." तुमच्या नंबरापुढे मी 'मृत' लिहिलं आणि शीट पाठवून दिली. तेवढ्यात आई दारात आली. "मघाशी उठलीस आणि परत बसलीस, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. ती थोडी रेंगाळली. "पप्पांच्या अर्जाचं बघितलंस का गं एवढ्यात? कॅलेंडर ठेवलंय मी जपून."

"पेंडिंग आहे, आई."

"म्हणजे नाही म्हटलेलं नाही," ती म्हणाली आणि फोडणी द्यायला गेली.

हे पत्र मी कुठे पाठवणार? तिला धक्का बसेल म्हणून गप्प बसते, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले. ते खरं नाही. अर्ज गेला हे ती पचवेल, तिने याहून मोठं पचवलंय. पण त्यानंतर ती विचारेल, "तुला कधीपासून माहीत होतं?" मला फक्त त्याची भीती वाटते.